प्रतिक्रियेला उत्तर : प्रसारण केंद्राचा मालक कोण, हे कायद्याने का पाहावे?

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत १९७८ साली सुरू झालेली कर-प्रमाणपत्राची योजना, म्हणजे प्रसारण केंद्र वर्णाने अल्पसंख्य असलेल्यांना विकणाऱ्या मालकाला मिळणारी करसवलत, सुधारून पुन्हा कायद्यात आणावी, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की श्रोत्याला कार्यक्रमाशी कर्तव्य असते, मालकाच्या वर्णाशी नव्हे; परवाने बाजारात विकत मिळत असताना सरकारने मध्ये पडू नये; ती योजना मुळात धनिकांची करबचत होती; आणि मदत करायचीच असेल तर ती वर्ण न पाहता लहान उद्योगांना करावी. यांतील तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो.

पहिल्या मुद्द्यासाठी मिसिसिपीतील जॅक्सन शहराच्या डब्ल्यूएलबीटी या दूरचित्रवाणी केंद्राचे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या प्रक्षेपणक्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. तरीही १९५५मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांची मुलाखत राष्ट्रीय वाहिनीवर सुरू असताना या केंद्राने ती तोडून ‘केबलमध्ये बिघाड’ अशी पाटी लावली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एव्हरेट पार्कर यांनी परवान्याच्या नूतनीकरणाला आव्हान दिले, १९६६मध्ये न्यायालयाने प्रेक्षकांनाही दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले आणि १९६९मध्ये मालकाचा परवाना रद्दबातल झाला. पुढे केंद्र एका मिश्रवर्णीय बिगरनफा संस्थेकडे आले आणि १९७२मध्ये विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याचे मुख्य व्यवस्थापक झाले. शहर तेच आणि प्रेक्षकही तेच होते. काय दाखवायचे आणि काय दाबायचे हे ठरवणारे हात तेवढे बदलले. प्रत्येक कृष्णवर्णीय मालक वेगळेच कार्यक्रम करील, असा माझा दावा नाही. परंतु निर्णय घेणारे सारेच एका वर्तुळातले असतील, तर त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाचा बिघाड दुरुस्त करण्याची घाई कोणालाच नसते.

बाजाराविषयी थोडक्यात सांगतो. आज कोट्यवधी डॉलरना विकले जाणारे हे परवाने आरंभी सरकारने फुकट वाटले, आणि तेही अशा काळात की दक्षिणेत बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदानही करता येत नव्हते. त्यामुळे आजच्या खरेदीदारांची रांग सरळ आहे असे म्हणता येत नाही. शिवाय प्रसारणाच्या लहरी या सार्वजनिक मालमत्ता आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी १९९५मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात हेच सांगितले.

आता करबचतीकडे वळतो. १९७८मध्ये सुमारे ८,५०० परवान्यांपैकी जेमतेम ४० अल्पसंख्याकांकडे होते. त्या वर्षी प्रसारण परवाने देणाऱ्या अमेरिकी दळणवळण आयोगाने ठरवले, की जो मालक आपले केंद्र अल्पसंख्याकांच्या नियंत्रणातील कंपनीला विकेल, त्याला भांडवली नफ्यावरील कर पुढे ढकलता येईल. या योजनेतील हुशारी अशी, की सवलत विकणाऱ्याला होती. केंद्रे विकायला निघत तेव्हा मालक ओळखीच्या माणसालाच कळवत आणि नव्या माणसाला ती बातमी व्यवहार झाल्यावर समजे. या सवलतीमुळे मालकालाच असा खरेदीदार शोधण्याची गरज वाटू लागली. १९९५पर्यंत अल्पसंख्याकांच्या केंद्रांची संख्या ३००च्या पुढे गेली.

आपण ज्या व्यवहाराकडे बोट दाखवता तो वायाकॉम या माध्यम कंपनीचा १९९५चा. कंपनी आपले केबलजाळे सुमारे २३० कोटी डॉलरना फ्रँक वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखालील भागीदारीला विकणार होती आणि त्यातून ४० कोटी डॉलरहून अधिक कर पुढे ढकलला जाणार होता. वॉशिंग्टन हे मूळ धोरण घडवणाऱ्या सरकारी वकिलांपैकीच एक, ही बाब टीकाकारांना आयतीच सापडली. १९८२पासून नियंत्रक भागीदाराचा हिस्सा २० टक्क्यांहून थोडा अधिक असला तरी चालत असे, आणि केंद्र अवघे वर्षभर ताब्यात ठेवणे पुरे होते. नावाला एक मालक आणि पैसा दुसऱ्याचा, अशा व्यवहारांना ही ढिलाई सोयीची होती. इथपर्यंत आपण म्हणता ते मला मान्य आहे. परंतु व्यवहाराच्या रकमेला कमाल मर्यादा घालणे, ताब्याची मुदत वाढवणे आणि नियंत्रण खरोखर कोणाकडे आहे ते तपासणे, एवढ्याने हे दोष दूर झाले असते. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, यांपैकी काहीही न करता एप्रिल १९९५मध्ये या सवलतीचे कलमच रद्द केले, आणि त्यातून वाचणारा महसूल स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या आरोग्यविम्यावरील वजावटीसाठी वळवला. शेकडो लहान केंद्रांचे व्यवहार एका अवाढव्य व्यवहारापायी निकालात निघाले. पाठोपाठ १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादाही उठवली, आणि एकट्या क्लिअर चॅनेल या कंपनीकडे काही वर्षांत १,२००हून अधिक केंद्रे जमा झाली. केंद्रांचे भाव चढले आणि सवलत गेली. नवख्या खरेदीदारावर हे दोन्ही आघात एकाच वेळी झाले.

लहान उद्योगांना मदत करण्याची आपली सूचना कानाला न्याय्य वाटते. आयोगाने तीही करून पाहिली होती. महसुलाच्या आकारावरून पात्रता ठरवण्याच्या या व्याख्येमुळे स्त्रियांची वा अल्पसंख्याकांची मालकी वाढते हे आयोगाला दाखवता आले नाही, म्हणून प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या संस्थेच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०११मध्ये ती फेटाळली. दुसरीकडे, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून १९९५च्या अॅडारँड निकालानंतर वर्णाधारित सवलतीला न्यायालयाची अत्यंत कठोर कसोटी पार करावी लागते. २०२१मध्ये तर त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाला मालकीचे नियम शिथिल करण्याची मोकळीक दिली, त्यामुळे आयोगावर विसंबण्यात आता अर्थ उरलेला नाही. काँग्रेसने स्वतः पुरावे गोळा करून, ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ कोण याची व्याख्या कायद्यातच करावी, असे माझे मत आहे. ती व्याख्या केवळ आकारावर बेतावी हा आपला आग्रह असेल, तर २०११च्या निकालातील आक्षेपाचे उत्तर आपण कसे द्याल, हे वाचायला मला आवडेल.