धूसर फोटो, पुसट अक्षरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या आस्थेनं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचा आक्षेप असा : जपानमधली शिंतो (तिथल्या मूळ धर्माची) देवस्थानं आजही गजबजलेली आहेत, मी मात्र माझ्या फोटोमालिकेत धूसर, कृष्णधवल फोटो काढून ती ओसाड दाखवली आणि 'विरत जाणारी आठवण' त्यांच्यावर बाहेरून लादली. शिवाय इसेचं मंदिर दर २० वर्षांनी नवंकोरं होतं, तिथे विरतं काय, असंही तुम्ही विचारलंत.

आधी क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानाबद्दल. डोंगर चढताना तिथल्या तोरी कमानी (देवस्थानाच्या वाटेवरच्या लाकडी कमानी) नुसत्या शेंदरी दिसतात. उतरताना खांबांवरची काळी अक्षरं समोर येतात : कमान अर्पण करणाऱ्याचं नाव आणि तारीख. नव्या कमानीवर ती ठसठशीत असतात. जुनीवर काळा रंग उडत जातो, शेंदरीचे पोपडे सुटतात, ओल धरून खांब बुडाशी कुजतो. मग ती जाऊन दुसरी उभी राहते, बहुधा दुसऱ्याच नावाची. पुसट अक्षरांचा जो फोटो तुम्हाला 'फिल्टर मारलेला' वाटला, त्यातली अक्षरं मुळातच तेवढी उरली आहेत.

आणि माणसं आहेत हो त्या फोटोंत! एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं, की चालता माणूस उमटतच नाही, थांबलेला उमटतो. छोट्या देवळीसमोर जी राखाडी सावली दिसते, त्या हात जोडून उभ्या असलेल्या एक आजी आहेत. त्यांच्यामागून कितीतरी लोक गेले, त्यांचा मागमूस नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

इसेचा मुद्दा खरोखर वजनदार आहे. ६९० सालापासूनची ही प्रथा. ६२वी पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये. तिथे आठवण लाकडात नाही, सुतारांच्या हातात आहे. पण म्हणूनच ती नाजूक आहे. यादवी युद्धांच्या काळात हे काम शंभरहून अधिक वर्षं बंद पडलं होतं. आणि इसे ज्या मिए प्रांतात आहे, तिथलीच असंख्य गावदेवळं १९०६ नंतर लहान देवळं मोठ्यांत मिसळण्याच्या सरकारी विलीनीकरणात गेली. मिए आणि शेजारच्या वाकायामा प्रांताला त्याची सर्वाधिक झळ बसली. देवळं गेली तशा त्यांच्या देवराया तुटल्या. वाकायामाचे निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसु त्याविरुद्ध जिवाच्या आकांतानं लढले. माझ्या मालिकेतले शेवटचे फोटो अशाच आडगावांतले आहेत. तिथली गर्दी मी पुसलेली नाही, ती नव्हतीच.

उत्सवांचे रंगीत फोटो आहेत माझ्याकडे, तेही टाकेन. पण ही मालिका आहे तशीच राहील. तुम्ही जपानमध्येच राहता, तर एक विनंती : तुमच्या भागातल्या मोठ्या देवळाच्या आवारात विलीन झालेल्या देवांच्या लहान देवळ्या असतील, तर जरूर कळवा. मला त्या पाहायच्या आहेत.