ब्लू मून निळा नसतो, आणि ती व्याख्या प्राचीनही नाही

मे 2026 मध्ये 1 आणि 31 अशा दोन तारखांना पौर्णिमा. अशा वेळी कोल्हापूरच्या ग्रुपांवर जुनाच फॉरवर्ड नव्याने फिरतो: "महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, ही प्राचीन व्याख्या. आपला अधिक मास तो हाच. शेकडो वर्षांत एकदा चंद्र निळा दिसतो. रंकाळ्यावर चला!" रंकाळ्यावर जरूर जा. बाकीचं एकेक बघू.

"प्राचीन व्याख्या." अमेरिकेतल्या 'मेन फार्मर्स अल्मनॅक' या पंचांगवजा वार्षिकाचा हिशेब महिन्याचा नव्हे, ऋतूचा होता. संपात (दिवस-रात्र समान) ते अयन (सर्वांत मोठा किंवा लहान दिवस) या तीन महिन्यांत सहसा तीन पौर्णिमा येतात. चार आल्या तर तिसरी ब्लू मून. चौथी नाही, कारण ऋतूतल्या शेवटच्या पौर्णिमेचं ठरलेलं नाव तिच्याकडेच राहायला हवं. मार्च 1946 च्या 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात जेम्स ह्यू प्रुएट यांनी सरळ भागाकार केला: ज्या वर्षात 13 पौर्णिमा, त्यात 11 महिन्यांना एकेक आणि एकाला दोन, त्यातली दुसरी ब्लू मून. 1937 चं अल्मनॅक त्यांनी उघडलं असतं तर ब्लू मून 21 ऑगस्टला सापडला असता. त्या महिन्यात पौर्णिमा एकच, आणि त्या वर्षात 12च! पुढे 1980 मध्ये 'स्टारडेट' या रेडिओ कार्यक्रमाने ही चूक घरोघरी पोचवली. 1999 मध्ये मासिकाने ती कबूल केली, पण तोवर ती रूढ झाली होती. वापरा खुशाल, फक्त प्राचीन म्हणू नका.

"अधिक मास तो हाच." 31 मे 2026 ची पौर्णिमा अधिक ज्येष्ठातली आहे खरी, पण तो योगायोग. 2023 मध्ये अधिक श्रावणाची पौर्णिमा 1 ऑगस्टला होती आणि 'ब्लू मून' 31 तारखेचा, निज श्रावणातला. ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही तो धोंड्याचा महिना. इंग्रजी तारखांशी त्याचा संबंध नाही. 12 चांद्रमास 354 दिवसांचे, वर्ष 365 चं. दरसालचे हे 11 दिवस साठतात, एवढंच दोन्हींचं मूळ एक.

मोजताना एक गफलत हमखास होते. दिनदर्शिकेवर पौर्णिमा छापलेला दिवस धरू नका, समाप्तीची वेळ धरा. चंद्र पूर्ण होतो तो त्या क्षणी. 2023 ची राखी 30 ऑगस्टला झाली, पौर्णिमा संपली 31 ला सकाळी सातच्या सुमारास.

"शेकडो वर्षांत एकदा." साधारण 19 वर्षांत 7 वेळा. याला कपिलाषष्ठीचा योग कोण म्हणेल?

"निळा दिसतो." त्यासाठी हवेत सुमारे एक मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग), जवळपास एकाच आकाराचे कण लागतात, ते तांबडा प्रकाश जास्त विखुरतात आणि निळा पुढे येतो. 1883 च्या क्राकाटोआ स्फोटानंतर असं दिसलं, 1950 मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने स्कॉटलंडमध्येही. तारखेने ते घडत नाही. 31 मे 2026 चा चंद्र तर सुमारे 4,06,000 किलोमीटरवर, म्हणजे नेहमीपेक्षा जरा लहानच. उगवताना तो तांबूस-पिवळा असतो. फोटोत निळा आला तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर (पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर) राहिलाय का ते बघा.