उकळतंय, पण शिजत नाहीये

स्टोव्ह अजून सॅकच्या तळाशी, लायटर कुणाच्या तरी ओल्या खिशात, पाणी आणायला गेलेले दोघं अजून दिसतसुद्धा नाहीत, आणि तंबूतून आवाज येतो, “झालं का?” डोंगरावरचा स्वयंपाक या प्रश्नाने सुरू होतो आणि दोन तासांनी याच प्रश्नाने संपतो. मधल्या वेळात पातेलं रटरटा उकळत असतं आणि डाळीचा दाणा पिशवीतून निघाला तसाच टणक असतो.

यात माझा दोष नाही, हे मी दर ट्रेकला सांगतो. दर ट्रेकला कुणी ऐकत नाही. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, असा हिशेब धरायचा. म्हणजे ३००० मीटरवर नव्वदच्या आसपास आणि ४००० मीटरवर सत्त्याऐंशीच्या आसपास आधण येतं. पुढे ज्योत कितीही मोठी करा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटतं. “जरा गॅस मोठा कर ना” असं सुचवणाऱ्याला हे भौतिकशास्त्र पटत नाही. त्याला बुडाशी करपलेला आणि वर कच्चा भात एकाच ताटलीत वाढला की पटतं.

चार्ल्स डार्विनच्या मुक्कामातही हेच झालं होतं. १८३५ च्या मार्चमध्ये अँडीज ओलांडताना बटाटे रात्रभर चुलीवर होते आणि सकाळी पुन्हा उकळले, तरी शिजले नाहीत. बरोबरच्या दोघांनी निष्कर्ष काढला की पातेलंच मेलं नवीन आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत. आमच्याकडे एवढा समजूतदारपणा नाही. आमच्याकडे खापर पातेल्यावर फुटत नाही, माझ्यावर फुटतं.

प्रेशर कुकर हा यावरचा खरा उपाय. पण तो सॅकमध्ये कुणी घ्यायचा, यावरून इतकी बोलणी होतात की तो घरीच राहतो. मग शिजायला सोपं तेच न्यावं. लाल मसूर, तांदूळ, ओट्स, नूडल्स, बारीक दलिया. बटाटा न्यायचाच तर नखाएवढ्या फोडी करून. राजमा मात्र अजिबात नको. कमी तापमानावर अर्धवट शिजलेल्या राजम्यातलं विष तसंच राहतं आणि दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. त्या अवस्थेत तंबूची चेन अडकली तर पुढचं वर्णन मी करत नाही.

तिघांसाठीचं माझं प्रमाण ठरलेलं आहे: तांदूळ २५० ग्रॅम, मसूर डाळ १२५ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे, ५० मिलिलिटर तेल, एक कांदा, मीठ आणि आवडीच्या मसाल्याची पुडी. माणशी सातशेच्या आसपास कॅलरी होतात. तेल जास्त वाटतं? एका ग्रॅमला नऊ कॅलरी देणारं दुसरं काही सॅकमध्ये नाही, त्यामुळे तेलात काटकसर नको. टोमॅटो किंवा आंबट काहीही शेवटी घालायचं, कारण आंबटात डाळ मऊ व्हायला दुप्पट नखरे करते.

युक्ती सगळी भिजवण्यात आहे. मुक्काम तासाभरावर आला की डाळ-तांदूळ रुंद तोंडाच्या बाटलीत घालून वर पाणी ओतायचं आणि चालत राहायचं. पोहोचेपर्यंत दाणे फुगलेले असतात. मग तीन लिटरच्या पातेल्यात कांदा तेलावर परतायचा, भिजवणाचं धरून दीड लिटरच्या आत-बाहेर पाणी घालायचं, उकळी आली की आच बारीक, झाकण घट्ट, दहा मिनिटं. आणि गॅस बंद.

इथे बंड होतं. पातेल्यात अजून पाणी दिसतंय, दाणा बोटचेपा झालेला नाही, आणि हा माणूस गॅस बंद करतो! मी काही न बोलता पातेलं उचलतो, माझ्याच झोपायच्या मॅटची घडी करून त्यावर ठेवतो, तिचीच दुसरी बाजू भोवती गुंडाळतो, वरून जाकीट टाकतो आणि बाह्यांची गाठ मारतो. पातेलं कुंचीत गुंडाळलेल्या तान्ह्या बाळासारखं दिसतं. पंचवीस मिनिटं ते तसंच राहू द्यायचं. आतल्या वाफेवर दाणा फुलतो, तळाला लागत नाही, आणि गॅस शून्य. अडचण एकच. दर चार मिनिटांनी कुणीतरी “फक्त बघतो” म्हणून गाठ सोडायला येतं. एकदा झाकण उचललं की दहा मिनिटांची वाफ गेली. म्हणून मी झाकणावर दगड ठेवतो आणि दगडाशेजारी स्वतः बसतो.

गॅसची डबी हे स्वतंत्र दुखणं. वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला दहा ते पंधरा ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे २३० ग्रॅमची डबी कागदावर पंधरा लिटरची. कागदावर वारा नसतो. वाऱ्यात निम्मी ऊष्णता शेजारच्या दगडाला जाते, म्हणून आडोसा हवाच. पण डबीला चहूबाजूंनी पत्र्याने कोंडायचं नाही, डबी तापून फुटू शकते. डबीला हात लावून बघायचा, चटका बसला तर आडोसा हटवायचा. आणि वाऱ्याला कंटाळून स्टोव्ह बंद तंबूत न्यायचा नाही. जळत्या स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तंबूचं कापड किती भराभर पेटतं हे बघण्याची हौस नसावी.

गारठ्याची गोष्ट वेगळी. डबीत ब्यूटेन किंवा ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असतं. समुद्रसपाटीच्या दाबाला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली द्रवच राहतं. डबीतून बाहेर यायलाच तयार नसतं. प्रोपेनचा आकडा उणे ४२, म्हणून मिश्रण असलेली डबी घ्यावी. शिवाय गॅस बाहेर पडताना डबी स्वतःच गार पडत जाते, बाहेरून दव गोठतं आणि ज्योत आजारी पडते. उपाय: ताटलीत बोटभर कोमट पाणी घालून त्यात डबी उभी करायची. रात्री ती स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. सकाळी डबी मस्त उबदार असते, आपण नसतो.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर गॅस दुपटीने मोजा. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापतं. कोरड्या पातेल्यात बर्फ टाकला तर पातेलं आधी करपतं. तळाला कपभर पाणी असू द्यावं. दूध पावडर गार पाण्यात कालवून मगच गरम पाण्यात. उलट केलं तर गोळे होतात आणि सगळे चहाऐवजी ते मोजत बसतात.

राहिलं पातेलं. ओढ्यापासून निदान साठ मीटर लांब घासायचं, साबण नको. पण अंधारात, सहा अंशांत, गार पाण्यात हात घालायला कुणीही पुढे येत नाही. त्यामुळे जेवण झाल्यावर मी पातेल्यात दोन कप पाणी ओततो, उरलेल्या आचेवर गरम करतो, चमच्याने कडा खरवडतो आणि चिमूटभर मीठ टाकून सगळ्यांच्या कपांत वाटतो. त्याला सूप म्हणतो. आजवर कुणी विचारलेलं नाही.