स्टुलावरचा रुमाल

थंडीतल्या शनिवारी इंदूरच्या सराफ्यात बसायला स्टूल मिळालं की माणसानं उठू नये. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर कढया. मी गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, प्लेट घेऊन, वर जिरावन मसाला भुरभुरून नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. सियागंजातले एक किराणा व्यापारी. "भिया, लाइट गई थी, अब आ गई. बिल नहीं बन रहे."

माझा धंदाच असा. सर्व्हरवर पडद्यामागं गुपचूप राबणारे प्रोग्राम असतात, त्यांना डीमन म्हणतात. रात्री-बेरात्री निघालो की आई शेजारच्या काकूंना सांगते, "चाललाय भुतं उतरवायला." फारसं चुकत नाही तिचं.

या प्रत्येक भुताला चालू होताना एक नंबर मिळतो. तो नंबर ते एका चिमुकल्या फाइलीत लिहून ठेवतं. ती पीआयडी फाइल. आत एक आकडा, बस्स. शहाणं भूत जाताना फाइल पुसून जातं. पण लाइट गेल्यावर कोण पुसणार? शहाणे लोक ती 'रन' फोल्डरात ठेवतात. ते फोल्डर मेमरीत असतं, मशीन बंद पडलं की आपोआप साफ. आमच्या बिलिंगवाल्या महाभागानं मात्र ती डिस्कवर, स्वतःच्या फोल्डरात ठेवली होती. (हा महाभाग कोण ते विचारू नका. तेव्हा मी नवीन होतो.)

मोबाइलवरूनच आत शिरलो. प्रोग्राम चालू करायला गेलो तर उत्तर आलं, 'आधीच चालू आहे, नंबर १४३२.' माझीच स्क्रिप्ट, मलाच ज्ञान शिकवत होती. ती करते काय, तर फाइलीतला नंबर वाचते आणि त्या नंबराला शून्य सिग्नल पाठवते. शून्य सिग्नल कोणाला मारत नाही, नुसतं दार वाजवून विचारतो, "कोणी आहे का?" आतून ओ आली. ओ कोणी दिली, हे विचारायची अक्कल मी स्क्रिप्टीत घातलीच नव्हती.

मी म्हटलं, चालू आहे पण अडकलंय. अशा वेळी आधी १५ नंबरचा सिग्नल द्यावा, म्हणजे "अहो, उठता का जरा?" पण गराडू गार होत होते. मी सरळ ९ दिला. ९ म्हणजे गचांडी. आवरायला, निरोप घ्यायला वेळच नाही.

१४३२ खलास. बिलिंग तरी चालू होईना. मग यादी पाहिली आणि घास घशातच राहिला. मशीन उठताना प्रोग्राम साधारण त्याच क्रमानं रांगेत उभे राहतात, नंबर दोन-चारनं इकडे-तिकडे. या खेपेला १४३२ नंबर मिळाला होता बाहेरच्यांना आत घेणाऱ्या डीमनला, एसएसएचला. म्हणजे ज्या दारातून मी आत आलो, त्याच दाराच्या दरबानाला मी उडवलं होतं. आत आलेला मी आतच होतो, पण नवीन कोणाला प्रवेश नाही. मशीन जुनं, दरबानाला पुन्हा उभं करणारंही कोणी नाही. म्हटलं, हरकत नाही, इथूनच उभा करतो. जिरावनच्या बोटानं स्क्रीनवर काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि खिडकी बंद!

बायको गरम जलेबी संपवत म्हणाली, "जा तुम्ही. मी रिक्षानं जाते घरी. आणि हे स्टूल?"

"रुमाल टाकतो. आलोच."

व्यापाऱ्यांना घरून उठवलं, किल्ल्या घेतल्या, शटर वर केलं. हिंगाच्या पोत्याआड सर्व्हर. स्वेटरवर मफलर बांधून शेठजी माझ्या डोक्यावर उभे. "वायरस है क्या?" मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली, हो की नाही ते त्यांनी ठरवावं. दरबान उभा केला, शिळी फाइल उडवली, बिलिंग सुरू. काम दीड मिनिटाचं. मग लाजेखातर फाइलीवर कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, कुलूप बसवलं. हे कुलूप धरणारा कसाही मेला तरी आपोआप सुटतं, म्हणून नंबरावर विसंबावं लागत नाही. हे दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं.

परत सराफ्यात आलो तेव्हा कढया उतरत होत्या. झाडू फिरत होता. माझं स्टूल होतं तिथंच, वर रुमाल, भोवती रिकामं वर्तुळ.

गराडूवाला वैतागून म्हणाला, "भिया, आपका है? दो घंटे से किसी को बैठने नहीं दिया. सबको बोला, आदमी बैठा है."