ॲडमिनला हात लावावा, पण कुठवर?

नमस्कार. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कसोबत तयार मिळणारं ॲडमिन (डेटा भरायची, बदलायची पानं) गरजेप्रमाणे कसं बदलायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जँगोचं ॲडमिन वाकवत बसण्यापेक्षा वेगळा फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारी पानं) लिहायला हवा होता, यादीचं पान संथ चालत असणार आणि माझ्या लेखामुळे नवी मुलं चुकीच्या सवयी लावून घेतील, असं तुमचं म्हणणं. अख्खा फ्रंटएंड ॲडमिनवर उभारू नका, असं जँगोचं डॉक्युमेंटेशनच सांगतं, हेही तुम्ही दाखवून दिलंत. मान्य. पण ॲडमिन संस्थेच्या अंतर्गत कामकाजासाठी आहे, हेही तिथेच लिहिलंय, आणि माझं काम नेमकं तेच होतं.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तकांच्या दुकानात चार माणसं दिवसभर ऑर्डरी भरतात. ग्राहकाला ती स्क्रीन कधी दिसतही नाही. ऑर्डरच्या पानावर पुस्तक निवडायचा ड्रॉपडाउन होता, त्यात नऊ हजारांवर नावं. पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळायचं, आणि जूनमध्ये तर तिथे उभं राहायला जागा नसते. ते फील्ड ऑटोकम्प्लीट फील्ड्समध्ये टाकलं, म्हणजे टाइप करू तशी जुळणारी नावंच येतात; पुस्तकाच्या ॲडमिनला सर्च फील्ड्स, म्हणजे कशात शोधायचं ते, दिली (ती नसतील तर जँगो सुरुवातीच्या तपासणीतच अडवतो), आणि प्रश्न मिटला. २०१७च्या डिसेंबरात आलेल्या जँगो २.० पासून ही सोय आहे. एवढ्यासाठी वेगळा फ्रंटएंड, त्याला डेटा पुरवणारी एपीआय आणि ते सगळं सांभाळणारा माणूस? त्या दुकानाला हा खर्च मी सुचवणार नाही.

संथपणाचा तुमचा संशय मात्र बरोबर निघाला. यादीच्या पानावर प्रकाशकाचं नाव मी स्वतः लिहिलेल्या मेथडमधून (छोट्या फंक्शनमधून) दाखवत होतो. तिथे जँगो प्रकाशकाचा तक्ता आपणहून जोडून घेत नाही, त्यामुळे १०० ओळींच्या पानाला डेटाबेसकडे निदान १०० जादा क्वेरी (विचारणा). ही जोडणी एकदाच करायला सांगणारा लिस्ट सिलेक्ट रिलेटेड हा पर्याय लावून लेखातला कोड दुरुस्त केलाय.

मी खरा चुकलो तो टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात), आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर दुकानाचं नाव यावं म्हणून मी ॲडमिनच्या सगळ्या पानांचा मूळ साचा, अख्खं बेस टेम्प्लेट, उचलून प्रोजेक्टमध्ये ठेवलं होतं. जँगो ३.१ वर गेलो तेव्हा डावीकडचा नवा साइडबार आमच्याकडे आलाच नाही. आमची जुनी प्रत आड येत होती. नावासाठी साइट हेडर ही ॲडमिनची सेटिंग बदलणं पुरेसं होतं. पर्याय आणि मेथड वापरून जे होतं ते बिनधास्त करा, पण टेम्प्लेटची प्रत काढायची वेळ आली की थांबा, असं लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. आता लिहिलंय.

उद्या मालक म्हणाले, शाळांना त्यांच्या ऑर्डरी स्वतःच टाकू द्या, तर ॲडमिनला हात न लावता साधे व्ह्यू (पान तयार करणारा स्वतःचा कोड) लिहीन.