बिनपगारी पाळकाचा खर्च कोण उचलतं?

सगळ्यांना सलाम. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत रंगकाम, साऊंड सिस्टीम, नाताळची रोषणाई हे ठराव हात वर करून पाच मिनिटांत मंजूर होतात. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पगारवाढीचा विषय निघाला की मात्र प्रत्येकाला पवित्र शास्त्र आठवतं. एक जण म्हणतो, "सेवा आहे ना ती? मग पगार कसला?" दुसरा बायबलमधल्या प्रेषित पौलाचे तंबू उभे करतो. तिसरे काका सातव्या वेतन आयोगाची थकबाकी मोजून घेऊन निवृत्त झालेत, ते डोळे मिटून म्हणतात, "देव पुरवठा करील."

माझं मत सरळ आहे. पाळकांना पगार द्यायला हवा. घर चालेल इतका, लेखी, सगळ्या मंडळीला माहीत असलेला. आणि तो आपल्या, म्हणजे बाकावर बसणाऱ्या माणसांच्या खिशातून जायला हवा. कारण फुकट सेवा नावाची गोष्ट मी अजून पाहिलेली नाही. जिथे जिथे ती फुकट दिसली, तिथे थोडं खरवडून पाहिलं की खाली दुसऱ्या कुणाचे तरी पैसे, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी मरण दिसलं.

पौलापासूनच सुरुवात करू, कारण सभेत सगळे तिथेच जातात. करिंथ या ग्रीक शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून तंबू शिवत होता, खरं आहे. पण करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ९ सबंध वाचा हो. शिपाई पदरच्या खर्चानं लढाईला जातो का? द्राक्षमळा लावणारा फळ खात नाही का? कळप राखणारा दूध पीत नाही का? मग मोशेच्या नियमशास्त्रातला मळणीचा बैल येतो, ज्याला मुसकं बांधायचं नाही. मग मंदिरात सेवा करणारे, वेदीजवळचे लोक. एवढी सगळी वकिली करून तो म्हणतो की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगणाऱ्यानं सुवार्तेवर जगावं हा प्रभूचाच नेम आहे. आणि त्यानंतर म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही. हक्क पौलाचा, सोडला पौलानं. करिंथकरांनी सभा भरवून तो त्याच्या वतीनं सोडून दिला नव्हता.

आणि खरी गंमत दुसऱ्या पत्राच्या ११ व्या अध्यायात आहे. तो भाग उपासनेत फारसा वाचला जात नाही. तिथे पौल म्हणतो की तुमची सेवा करता यावी म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांकडून वेतन घेतलं, त्यांना जवळजवळ लुटलंच. मला कमी पडलं तेव्हा मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी ते भरून काढलं. म्हणजे करिंथसारख्या श्रीमंत बंदरातल्या मंडळीला पौल फुकट मिळाला, त्याचा खर्च मासेदोनियातल्या मंडळ्यांनी उचलला, आणि त्या गरीब होत्या हेही त्याच पत्रात आहे. पुढच्या अध्यायात तर तो टोमणाच मारतो: मी तुमच्यावर भार घातला नाही, एवढ्या अन्यायाची मला क्षमा करा!

आता नगरकडे या. आपण मराठी प्रॉटेस्टंट लोक अगदी करिंथकर आहोत. अमेरिकन मराठी मिशननं १८१३ साली मुंबईत काम सुरू केलं, १८३१ मध्ये ते नगरला आलं. पाळक, प्रचारक, शाळामास्तर, बायबलबाई (घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायका), सगळ्यांचा पगार मिशनकडून, म्हणजे बॉस्टनहून, म्हणजे तिकडच्या मंडळ्यांतल्या सामान्य माणसांच्या वर्गणीतून. हे मिशन चालवणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे दौऱ्यावर आले होते. त्यांचा धोशा एकच: इथल्या मंडळीनं आपला पाळक आपणच पोसावा, आपला कारभार आपणच करावा, सुवार्ता आपणच पसरवावी. दीडशेहून जास्त वर्षं झाली. आपण कारभार स्वतः करायला फार लवकर शिकलो. निवडणुका, पॅनेल, कोर्टकचेऱ्या, सगळ्यात तरबेज झालो. पोसायचं काम मात्र राहिलं.

पूर्वजांना दोष देण्यात अर्थ नाही. नगर-सोलापूरकडच्या खेड्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यातले बहुतेक महारवाडा-मांगवाड्यातले, दुष्काळानं पिचलेले लोक होते. रोख पैसा त्यांच्या हातात यायचाच नाही. तरी कापणीच्या सणाला ज्वारीची कणसं, कोंबडी, अंडी, भोपळा घेऊन ते चर्चमध्ये यायचे. मग उपासनेनंतर लिलाव, आणि एका भोपळ्यावर चढलेली बोली. आजही आपण हा लिलाव हौसेनं करतो. त्या माणसांच्या ऐपतीत ते देणं मोठं होतं. आपली ऐपत बदलली. आपण बँकेत, शाळेत, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, आयटीत गेलो, पोरं पुण्याला आणि दुबईला गेली. अर्पणाच्या थैलीत पडणारी नोट मात्र तीच राहिली.

परदेशी पैसा आटला तशी मिशनच्या जागांवर नजर गेली. शाळेचं भाडं, कंपाऊंडातल्या गाळ्यांचं भाडं, जमिनीचे करार. पुष्कळ ठिकाणी आज पाळकांचा पगार अप्रत्यक्षपणे त्यातूनच निघतो. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या पैशानं घेतलेली जमीन आजच्या रविवारच्या प्रवचनाचे पैसे भरते आहे. आणि मग भांडणं कशावरून होतात? पाळक काय शिकवतात यावरून कधी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज गेल्याचं तुम्ही ऐकलंय? अर्ज जातात ते गाळ्यांवरून.

"बिनपगारी म्हणजे जास्त पवित्र" ही भावना आपल्यात इतकी खोल का, याचं कारण मला वाटतं बायबलपेक्षा आपल्या मातीत आहे. तुकोबांचा अभंग आहे ना, जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नही खाऊ नये म्हणणारा? कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या घोड्याबैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये; आणि शेवटी, द्रव्य घेणारे आणि देणारे दोघंही नरकात. पौलाच्या बैलाला दाणा आहे, तुकोबांच्या बैलाला नाही! आणि आपण मराठी ख्रिस्ती माणसं दोन्ही बैल एकाच गोठ्यात बांधून बसलोय.

पण कीर्तनकार एका रात्रीचा पाहुणा असतो. कीर्तन संपलं की तो आपल्या गावी, आपल्या शेताकडे, दुकानाकडे जातो. (आजच्या काही कीर्तनकारांच्या बिदागीचे आकडे ऐकून तुकोबा काय म्हणतील हा वारकरी मंडळींचा घरचा प्रश्न, मी त्यात पडत नाही.) पाळकांना कुठे परत जायचं असतं? रविवारच्या उपासना, कुटुंबप्रार्थना, रात्री दीडला सिव्हिलमधून आलेला फोन, मयत, लग्न ठरलेल्या पोरापोरींच्या भेटी, एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्नाच्या रजिस्टरवर सही करतात तेव्हा कायद्याची जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर. हे संध्याकाळी दोन तास काढून होणारं काम नाही.

तुकोबांवरून रेव्हरंड टिळक येणारच. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा स्वतंत्र मेळा उभा केला. मला ते पाऊल फार मोठं वाटतं. परदेशी पगारावर जगणारा ख्रिस्ती माणूस आपल्याच लोकांना परका वाटतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पण सभेत टिळकांचं उदाहरण देणाऱ्यांनी 'स्मृतिचित्रे'ही उघडून बघावं. टिळकांचा हात किती सैल होता आणि त्या सैल हातामागे घर कसं चालायचं, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलंय. त्यागाचं श्रेय टिळकांना मिळालं, रास्तच मिळालं. पण चूल पेटवायची जबाबदारी कुणाची होती?

तीच गोष्ट आजच्या पाळकांच्या घरातही आहे. त्यांच्या मिसेस नोकरी करतात म्हणून घर चालतं, आणि त्यांनीच महिला संघ चालवावा, संडे स्कूल बघावं, बिशप आले की वीस माणसांचा स्वयंपाक करावा अशीही अपेक्षा असते. वर साडी जरा बरी दिसली की दोन बाका मागून कुजबुज. आम्ही एका माणसाला अर्धा पगार देतो आणि दोन माणसांचं काम घेतो. तरी "सेवा आहे ती" हे ऐकवतो.

पगार कमी ठेवला की पाळक जास्त आध्यात्मिक होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पाकिटांकडे बघावं. नवीन फ्लॅटची प्रार्थना, बाप्तिस्मा, साखरपुडा, पन्नासावा वाढदिवस: निघताना हातात पाकीट. ज्यांचं पाकीट जाड, त्यांच्याकडे पाळक वेळेवर पोचतात आणि जेवून निघतात. झोपडपट्टीतल्या आजीकडे "पुढच्या आठवड्यात नक्की". यात पाळक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मुलाची फी भरायची असलेला कुठलाही माणूस हळूहळू असाच वाकतो. पुढे कमिटीच्या निवडणुकीत त्या जाड पाकिटाविरुद्ध ते शब्दही काढू शकत नाहीत. ठरलेला पुरेसा पगार असेल तर पाळक श्रीमंताला नाही म्हणू शकतात, आणि माझ्या मते पगार द्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

उलट टोकही आहे. काही स्वतंत्र मंडळ्यांत पगार नाही, सगळा दशमांशच (लोकांनी दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग) पाळकाचा, आणि ट्रस्टवर पाळक, बायको आणि मेव्हणा. तिथे बायबलमधलं मलाखी ३:१० महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं: दशमांश भांडारात आणा. 'अनुवाद' या पुस्तकाचा १४ वा अध्याय मात्र कधी निघत नाही. तिथे तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेव्यांबरोबर (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाबरोबर) परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. 'गणना' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यायला सांगितलंय, तेही कुणाला आठवत नाही. 'दिदाखे' नावाचं मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं एक छोटं पुस्तक आहे. त्यात नियमच आहे: फिरता प्रेषित आला तर त्यानं एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा, तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आणि त्याच पुस्तकात पुढे असंही आहे की खरा संदेष्टा तुमच्यात स्थायिक झाला तर खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं पहिलं उत्पन्न त्याला द्या. त्या लोकांना फुकट्या आणि सेवक यांतला फरक कळत होता.

"मोलकरी लांडगा पाहून पळतो", योहान १०, हेही कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. तिथे मोलकऱ्याची खूण पळणं ही आहे, पगार घेणं नव्हे.

ब्रदरन मंडळ्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्यात पगारी पाळक नसतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण तिथे वचन सांगणं, आजाऱ्यांना भेटणं, मयताला उभं राहणं हे काम वडीलजन आणि भाऊबंद आपापसांत वाटून घेतात. आपल्याला पाळक बिनपगारी हवा, पण दवाखान्यात आपण जाणार नाही. कॅथलिकांचं गणित तर वेगळंच. फादरांना संसार नाही, आणि एका दिवसात कितीही मिस्सा (त्यांच्या उपासना) केल्या तरी नाताळ सोडला तर एकाच मिस्साचं अर्पण त्यांना स्वतःकडे ठेवता येतं, असा त्यांचा कायदा आहे. इतका स्पष्ट लेखी नियम आपल्याकडे पाकिटांसाठी केला तर किती जण सही करतील?

ऐपत नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. दहा कुटुंबांनी खरोखर दशमांश दिला तर अकराव्या कुटुंबाचं त्यांच्याइतकंच उत्पन्न उभं राहतं. दशमांश नको म्हणता? साठ घरांनी महिन्याला हजार रुपये दिले तर साठ हजार होतात. आमच्या मंडळीत साठाहून जास्त घरं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांचं मोबाईल, वायफाय आणि ओटीटीचं बिल मिळून याच्या आसपास जातं. खेड्यातली आठ-दहा घरांची मंडळी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाळकांनी शाळेत शिकवून, शेती करून सेवा करणं यात काही कमीपणा नाही, आणि शहरातल्या मंडळीनं मासेदोनिया होऊन त्यांना हात द्यायला हवा.

बायबलमधल्या नहेम्याच्या काळात असंच झालं होतं. लेव्यांचा वाटा मिळेना, तेव्हा ते आणि गाणारे मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्यानं अधिकाऱ्यांना खडसावलं, लेव्यांना परत जागेवर आणलं आणि भांडारावर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसं नेमली, वाटणी करायला. त्यात एक याजक होता, एक शास्त्री, एक लेवी. म्हणजे हिशेब एकाच्या हातात नाही.

येत्या सभेत मी हेच मांडणार आहे. पगाराचा आकडा वीजबिलाच्या आकड्यासारखा मोठ्यानं वाचायचा. तो भाड्यातून नाही, अर्पणातून द्यायचा. कमी पडलं तर किती कमी पडलं ते फळ्यावर लिहायचं. खासगी पाकिटं बंद, ज्यांना द्यायचंय त्यांनी पावती घेऊन थैलीत द्यावं. पगार ठरवणाऱ्या समितीत दोन बायका हव्यात, कारण महिन्याचा किराणा किती लागतो हे पुरुषांना विचारून उपयोग नाही. आणि निवृत्तीनंतरच्या घराचा निधी वेगळा. पाळक आयुष्यभर चर्चच्या बंगल्यात राहतात, दर काही वर्षांनी बदली, स्वतःचं घर बांधायला ना पैसा ना गाव. निवृत्तीच्या महिन्यात निरोप समारंभाला शाल, नारळ आणि घड्याळ मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी बंगला रिकामा करायचा असतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मला खरोखर माहिती हवी आहे. तुमच्या मंडळीत निवृत्त पाळकांच्या घराची काही सोय आहे का? असेल तर ती कशी सुरू केली, पैसे कुठून आले, खाली लिहा. नावं नकोत, पद्धत सांगा.