बायनरी डेटावर ‘इग्नोर’ लावू नका

“पायथनमधून दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत फाइल पाठवताना युनिकोडची एरर येते? डिकोड करताना इग्नोर लावा. नाहीतर लॅटिन-१ वापरा. तेही जमत नसेल तर सगळंच बेस६४ करा. बाइट ऑर्डरची चिंता नको, आता सगळीकडे सारखीच असते.” हा मेसेज आमच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला, मी सोडून दिला. (डिकोड म्हणजे बाइटांची, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची, अक्षरं करणं; इग्नोर म्हणजे न जुळणारे बाइट गुपचूप टाकून देणं. फोटोसारखा बायनरी डेटा म्हणजे मुळात अक्षरं नसलेले बाइट.) परवा भाचीचा फोन आला, “मामा, फोटो उघडतच नाहीत, आणि एररही काही येत नाही.” तिच्या प्रोजेक्टमध्ये पायथन फोटो लहान करून पाइपमधून (एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी वाट) नोडकडे (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) देतं. एरर येईना, कारण तिने मेसेजमधला पहिला उपाय केला होता.

तिचे फोटो पीएनजी या फॉरमॅटमधले. पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. ते असेच का, हे १९९७ च्या आरएफसी २०८३ या पीएनजीच्या तांत्रिक दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. १३७ हा आस्कीबाहेरचा (इंग्रजी अक्षरांच्या जुन्या ० ते १२७ या संचाबाहेरचा) आकडा मुद्दाम घेतला, म्हणजे बाइटमधला आठवा बिट उडवणारं ट्रान्सफर लगेच पकडलं जातं. १३ आणि १० ही जोडी (ओळ संपल्याची खूण) ओळींचे शेवट बदलणाऱ्याला पकडते. म्हणजे फाइलला कोणी टेक्स्ट समजून हात लावला तर पहिल्या आठ बाइटांतच कळावं, ही सोय फॉरमॅट करणाऱ्यांनीच करून ठेवलीय. युटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याची आजची नेहमीची पद्धत) कुठलंही अक्षर १३७ ने सुरू होत नाही, म्हणून पायथन पहिल्याच बाइटला अडतं. ते अडणं बरोबरच आहे! इग्नोर लावलं की १३७ गळतो, आणि तो एकटा गळत नाही. कॉम्प्रेस केलेल्या डेटात साधारण निम्मे बाइट १२७ च्या वरचे असतात, त्यांतले बहुतेक जातात. गेलेले परत आणता येत नाहीत. नोडमध्ये बफरची (बाइटांच्या साठ्याची) स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) केली तरी तेच: १३७ च्या जागी ‘ओळखू आलं नाही’ या खुणेचे २३९, १९१, १८९ असे तीन बाइट बसतात.

टेक्स्टलाही हे सोडत नाही. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. डेटा तुकड्यांनी येतो. तुकडा नेमका ‘म’च्या मध्ये तुटला आणि प्रत्येक तुकडा इग्नोर लावून वेगळा डिकोड केला, तर ‘महादेव’चा ‘हादेव’ होतो. कुणाचं तरी नाव डेटाबेसमध्ये कायमचं तसं जातं आणि लॉगमध्ये एक ओळ नसते. याचा मला खरंच राग येतो.

लॅटिन-१ (एका बाइटाला एक अक्षर देणारी जुनी पद्धत) बद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. त्यात २५६ बाइटांना २५६ अक्षरं आहेत, काही गळत नाही. पण दोन्ही टोकांना लॅटिन-१ च हवं. मध्ये कुणी ती स्ट्रिंग युटीएफ-८ मध्ये लिहिली की १३७ चे १९४, १३७ होतात. आणि ब्राउझर तर लॅटिन-१ सांगितलं तरी विंडोज-१२५२ (तिच्यासारखीच, पण काही अक्षरं वेगळी असलेली पद्धत) च वापरतात.

बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) जेसनमध्ये (प्रोग्राममध्ये माहिती देवाणघेवाणीचा टेक्स्ट फॉरमॅट) ठीक, कारण जेसनला बाइट हा प्रकारच नाही. पाइपमध्ये तीन बाइटांचे चार कशाला करायचे?

बाइट ऑर्डर (एका आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने लिहायचे) सारखी असते म्हणे! पायथनचं स्ट्रक्ट (आकड्यांचे बाइट करणारं मॉड्यूल) ऑर्डरचं चिन्ह न देता वापरलं तर मशीनची ऑर्डर घेतं, आपल्या लॅपटॉपवर ती लिटल एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी). जावा भाषेचं, बाइट वाचणारं डेटाइनपुटस्ट्रीम नेहमी बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) वाचतं. चार बाइटांत लिहिलेला १ तिकडे १,६७,७७,२१६ होऊन पोचतो.

भाचीच्या कोडमध्ये शेवटी बदल थोडेच झाले. पायथनमध्ये डिकोड काढून टाकलं आणि स्टँडर्ड आउटपुटच्या (जिथून डेटा पाइपमध्ये जातो) बफरवर सरळ बाइट लिहिले. आधी चार बाइटांत लांबी, बिग एंडियन. नोडमध्ये सेटएन्कोडिंगची (आलेल्या बाइटांची आपोआप अक्षरं करणारी) ओळ काढली, आणि तेवढी लांबी भरेपर्यंत तुकडे जमवून एकत्र जोडले. दोन्हीकडे पहिला बाइट छापून बघितला. इकडे १३७, तिकडेही १३७, आणि फोटो उघडला.